संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची शिदोरी

ज्युबिली हा शब्द आपण आनंदाच्या अर्थानें वापरतों, आणि तें योग्यच आहे. परंतु जुन्या करारांत ज्या पन्नासाव्या वर्षास हें नांव आहे, तें वर्ष मिळविण्याचें नसून सोडण्याचें होतें. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ मालकास परत जाई व दास बंधमुक्त होई. म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या ह्या ज्युबिलीच्या प्रसंगीं, सोडणें म्हणजे काय हें ज्यांनीं आचरून दाखविलें, त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या चरित्राकडे आपण ह्या एकाच दृष्टीनें पाहूं.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नवार राज्यांतील झेवियरच्या गढींत झाला. वडील राजदरबारीं मोठ्या अधिकारावर होते. परंतु १५१२ सालीं स्पेनच्या सैन्यानें तें राज्य जिंकलें, १५१५ सालीं वडील वारले, आणि पुढच्याच वर्षीं गढीचे तट व बुरूज पाडण्यांत आले. वैभव किती अस्थिर असतें हें ह्या मुलानें दहाव्या वर्षींच डोळ्यांनीं पाहिलें. तरी तेवढ्यानें तो विरक्त झाला नाहीं. उलट, घराण्याचें गेलेलें वैभव परत मिळवावें, हीच ईर्षा त्याच्या मनांत राहिली. १५२५ सालीं तो पॅरिसच्या विद्यापीठांत गेला, पदवी घेऊन अध्यापक झाला, आणि मायदेशीं धर्मक्षेत्रांतील एखादें मानाचें व उत्पन्नाचें पद मिळावें म्हणून उच्च कुळाचा दाखला मिळविण्याच्या खटपटीस लागला.

त्याच सुमारास लोयोलाचे इग्नेशियस त्याचे सोबती झाले. जग जिंकून आत्मा गमावणाऱ्याच्या तोट्याचा हिशेब ते त्याच्यापुढें पुनःपुन्हा मांडीत. तें बीज उशिरा रुजलें, पण खोल रुजलें. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मॉंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनीं दारिद्र्याचें व ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें, त्यांत फ्रान्सिस होते.

१५४० सालीं पोर्तुगालच्या राजाच्या विनंतीवरून हिंदुस्थानांत धर्मगुरु पाठविण्याचें ठरलें. ज्यांची निवड झाली होती ते ऐन वेळीं आजारी पडले, आणि फ्रान्सिस ह्यांना जावें लागलें. तयारीस जेमतेम एक दिवस होता. परंतु तो त्यांना पुरला, कारण बांधून घेण्यासारखें त्यांच्यापाशीं फारसें कांहीं नव्हतेंच.

लिस्बन येथें राजाच्या अधिकाऱ्यानें प्रवासासाठीं हवें तें मागावें असा आग्रह केला. फ्रान्सिस ह्यांनीं कांहीं पुस्तकें आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या थंडीसाठीं जाड्याभरड्या कापडाचे कपडे, एवढेंच घेतलें. निदान एक नोकर तरी न्यावा, पोपमहाराजांच्या प्रतिनिधीनें चारचौघांत स्वतःचे कपडे धुणें व अन्न शिजविणें पदास शोभणार नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें. त्यावर त्यांनीं उत्तर दिलें कीं, असल्या मानमरातबाच्या जपणुकीनेंच ख्रिस्तसभेवर हल्लींची दशा ओढवली आहे. ७ एप्रिल १५४१ रोजीं, पस्तिसाव्या वाढदिवशीं, त्यांचें जहाज निघालें. तेरा महिन्यांनीं, ६ मे १५४२ रोजीं, ते गोव्यास उतरले, व तेथें रुग्णालयांत रोग्यांच्या शेजारीं राहूं लागले. पुढें दक्षिणेच्या किनाऱ्यावरील कोळी लोकांत त्यांचेंच साधें अन्न खाऊन त्यांनीं सेवा केली. आपल्या वसईसही त्यांचे पाय लागले.

येथवरची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तिचा खरा मर्मभाग जपानांत आहे. १५ ऑगस्ट १५४९ रोजीं ते कागोशिमा येथें पोंचले. पुढच्या वर्षीं यामागुची शहरांत त्यांच्या फाटक्या वेषाची लोकांनीं टर उडविली. तेथून ऐन हिवाळ्यांत बर्फ तुडवीत ते राजधानी मियाको येथें गेले. पण सम्राटाची भेट झाली नाहीं. त्या देशांत भेटवस्तूंवांचून व योग्य पोशाखावांचून मोठ्यांच्या दारीं प्रवेश नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. १५५१ सालीं ते यामागुचीस परत आले ते चांगला पोशाख करून. सम्राटासाठीं आणलेलें घड्याळ, वाद्य इत्यादि वस्तु आणि गव्हर्नर व बिशप ह्यांचीं पत्रें त्यांनीं तेथील अधिपति ओउची योशिताका ह्यास दिलीं. त्यानें संतोषून सोनें व रुपें देऊं केलें. तें त्यांनीं नाकारलें, व केवळ उपदेशाची परवानगी मागितली. ती मिळाली, शिवाय राहावयास एक रिकामा मठही मिळाला.

ज्या मनुष्यानें रेशीम सोडलें होतें, त्यानें वेळ येतांच फाटक्या झग्याचा अभिमानही सोडला. आपलें दारिद्र्यदेखील आपली मिळकत होऊं शकते, आणि ती सोडणें सर्वांत अवघड असतें. वस्तु असो वा नसो, तिनें सेवेस अडथळा करूं नये, एवढाच त्यांचा नेम होता.

एक ठेव मात्र त्यांनीं सोडली नाहीं. दूरदेशींच्या बंधूंच्या पत्रांतील सह्या कापून त्यांनीं आपल्या व्रतशपथेच्या कागदाबरोबर गळ्यांत बाळगल्या होत्या. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियन बेटावर, एका गवती झोपडींत, त्यांनीं देह ठेवला. जवळ आंतोनियो हा चिनी ख्रिस्ती सोबती होता. १६२२ सालीं त्यांना संतपद मिळालें. गोव्याच्या बॉं जेझूस मंदिरांत त्यांचें शरीर आपण रुप्याच्या पेटींत ठेविलें आहे. तें रुपें आपल्या प्रेमाचें आहे. त्यांच्या शिदोरींत त्यास जागा नव्हती.

बंधुभगिनींनो, आपलीं कपाटें भरलीं कीं आपण मोठें कपाट आणतों. लग्नकार्यांत शेजाऱ्याहून उणें दिसूं नये म्हणून कर्ज काढतों. जास्तीचें वस्त्र गरिबास देणें चांगलेंच आहे. पण दिल्यावर मनांत उरणारा मोठेपणाही द्यावयास शिकलें पाहिजे. ह्या ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरानें आपली शिदोरी एकदां सोडून पाहावी. सेवेस लागेल तें ठेवावें, प्रेमाचीं माणसें गळ्याशीं धरावींत, आणि बाकीचें ओझें उतरवावें. संत फ्रान्सिस झेवियर आपणांसाठीं प्रभूजवळ विनंती करोत.