पॅट्रिक गेडिस : अध्यापकांचा अध्यापक

विद्यार्थ्यांस परिसराचे शिक्षण द्यावयाचे, तर ते आधी अध्यापकांस कोणी द्यावे, हा प्रश्न भारतीय विद्यापीठांना नवा नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठात ज्यांनी तो आपल्या परीने सोडवू पाहिला, त्या सर पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. लंडनमध्ये हक्स्ली यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचा अभ्यास केला; पदवी मात्र घेतली नाही. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम त्यामुळे दुरावले आणि सजीव व परिसर यांचा संबंध, पुढे मनुष्य व नगर यांचा संबंध, हाच त्यांच्या चिंतनाचा विषय झाला. १८८६ मध्ये विवाह झाल्यावर पत्नी ॲना हिच्यासह ते एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहावयास गेले आणि तेथील घरांची सफाई व दुरुस्ती त्यांनी हाती घेतली. १८८८ पासून डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. एडिंबरोत त्यांनी भरविलेल्या उन्हाळी वर्गांत शिक्षकही विद्यार्थी म्हणून येत.

१९१४ मध्ये त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन भारताकडे येत असता ते घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका ‘एम्डेन’ने बुडविले. नवी सामग्री जमवून १९१५ च्या आरंभी त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरविले. नंतर ठाणे, वांद्रे आदी अनेक नगरांविषयी त्यांनी अहवाल लिहिले. सरसकट पाडापाड करू नये, तळी बुजवू नयेत, जुन्या वस्तीतील निरोगी भाग राखून रोगट तेवढेच काढावे, हे त्यांचे सूत्र होते.

१९१७ साली त्यांचा पुत्र युद्धात पडला आणि पत्नीही निवर्तली. त्याच वर्षी इंदूरच्या होळकर दरबारासाठी ते काम करीत होते. तेथे दिवाळीची मिरवणूक ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्यांनी जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. घाण आणि प्लेग यांच्या प्रतिमा मिरवून जाळण्यात आल्या. लोकांच्या सणातच त्यांना शाळा सापडली होती.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्र ह्या नव्या विभागाचे ते पहिले प्राध्यापक झाले. व्याख्यानापेक्षा नगराचे प्रत्यक्ष अवलोकन त्यांस महत्त्वाचे वाटे. गोविंद सदाशिव घुर्ये यांची उच्च अभ्यासाकरिता इंग्लंडला निवड करण्यात त्यांचा वाटा होता. १९२४ मध्ये तेच विभागप्रमुख झाले. गेडिस मोंपेलिए येथे गेले आणि १७ एप्रिल १९३२ रोजी तेथेच वारले.

विभाग टिकला, अध्ययनाचा ओघ मात्र ग्रंथ व परंपरा यांकडे अधिक वळला. हा दोष केवळ विद्यापीठाचा नव्हे. गेडिस यांचे बोलणे विखुरलेले असे, लेखन दुर्बोध असे. त्यांची पद्धती त्यांच्या चालण्याबोलण्यात होती, अभ्यासक्रमात उतरली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीवर्गांना पर्यावरणाचा अभ्यासक्रम लागू झाला. गेडिस यांस अभ्यासक्रम देता आला नाही, तो आता आपल्यापाशी आहे. आपल्या विद्यालयाभोवतीचे तळे आणि नाला पायी हिंडून पाहिलेला अध्यापक घडविणे मात्र अद्याप उरले आहे.