ताराबाई मोडक : एकेका मुलाची शिक्षिका



मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या कित्येक आईबापांची लहान मुले जवळच्या अंगणवाडीत जातात. अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यामागची कल्पना ताराबाई मोडक यांची, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

ताराबाई १८९२ साली मुंबईत जन्मल्या आणि १९१४ साली पदवीधर झाल्या. त्या काळी स्त्रीने पदवी घेणे मोठीच गोष्ट होती. पुढे संसार मोडला. पदरात एक मुलगी होती. राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजात त्यांना प्रिन्सिपॉलची मानाची नोकरी मिळाली, पण ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीने शिकवत. माँटेसरीबाई आपल्याच कॅथलिक पंथाच्या, पेशाने डॉक्टर. १९०७ साली त्यांनी रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या वर्गात शिक्षिका सर्वांना एकदम धडा सांगत नसे. प्रत्येक मूल आपल्या आवडीचे साधन घेऊन बसे आणि ज्याचे अडले त्याच्याजवळ बाई जात.

१९२६ साली ताराबाई व गिजुभाई यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. पण ही महागडी साधने खेड्यातल्या मुलांना कुठून मिळणार? १९४५ साली ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या व बालवाडी काढली. गरीब वस्तीतली मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ स्वतःच त्या वस्तीच्या अंगणात जाऊन बसल्या. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेले. तिथे मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र केली. तिला नाव दिले विकासवाडी. काही मुले गुरांमागे रानात असत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली.

एका वर्गात साठ मुले असली की प्रत्येकाकडे लक्ष कसे देणार, असे शिक्षक म्हणतात. त्यात खोटे काही नाही, वर्ग लहान हवेतच. पण न येणारे मूल का येत नाही, हे विचारायला वर्ग लहान असावा लागत नाही. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा किती रविवार आला नाही, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे चालवले. सरकारने अंगणवाडी हे नाव घेऊन देशभर योजना सुरू केली ती १९७५ साली. ते पाहायला ताराबाई नव्हत्या.