सुभेदार रामजी मालोजी सकपाळ : एका सैनिक-शिक्षकाचे स्मरण

नागपूर नगरीतील आपल्या घरांच्या भिंतींवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा असते, बहुधा माता रमाईंचीही असते. सुभेदार रामजींची प्रतिमा मात्र क्वचितच दिसते. बाबासाहेबांचे पूर्ण नाव उच्चारताना 'रामजी' हा मधला शब्द आपण म्हणतो आणि पुढे जातो. ज्या स्मरणिकेचे वाचक वसतिगृहात राहून शिकले, अथवा मुलांना दूर ठेवून शिकवीत आहेत, त्यांनी तरी त्या मधल्या नावाशी क्षणभर थांबावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सकपाळ घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. रामजींचा जन्म १८४८ च्या सुमारास झाला. वडील मालोजी हे सैन्यातून निवृत्त झालेले शिपाई. गावात ज्याला विहिरीच्या काठाशी उभे राहू दिले जात नव्हते, त्याला छावणीत गणवेश, नियमित पगार आणि अक्षरे मिळत होती. सैनिकांना व त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, ही त्या काळच्या सैन्याची फार मोठी देणगी. याच व्यवस्थेतून रामजी पुण्याच्या सैनिकी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले; परंतु त्यांच्या सैनिकी आयुष्याचा मोठा भाग हाती खडू घेऊन गेला, हे विसरता कामा नये. त्या शिक्षणाचा परिणाम असा की, त्यांच्या घरातील स्त्रियांनाही वाचता येत होते. एकोणिसाव्या शतकात किती घरांना असे म्हणता आले असते?

मुरबाडच्या सुभेदार मुरबाडकरांची कन्या भीमाबाई त्यांच्या सहधर्मचारिणी. मध्य भारतातील महू छावणीत रामजी असताना, १४ एप्रिल १८९१ रोजी, त्यांचे चौदावे अपत्य जन्मास आले. त्या जन्माभोवती एका साधुपुरुषाच्या आशीर्वादाची कथा गुंफली गेली आहे. कथा गोड आहे, पण तिला फार वजन देण्याचे कारण नाही. त्या मुलाला घडविणारे हात त्याच घरात होते.

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्या दाराने मालोजी आणि रामजी आत गेले, ते दार समाजाच्या पुढच्या पिढीसाठी मिटले. रामजी स्वस्थ बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या साहाय्याने या निर्णयाविरुद्ध अर्ज तयार करण्यासाठी त्यांनी खटपट केल्याचे चरित्रकार नमूद करतात. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांना विशेष आदर होता. बंदी त्यांच्या हयातीत उठली नाही. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच मोडली गेली. महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली ती १९४१ साली.

निवृत्तीनंतर काही काळ दापोलीस राहून रामजींनी साताऱ्यास बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली. तेथे १८९६ मध्ये भीमाबाई निवर्तल्या. चौदा अपत्यांपैकी बळीराम, आनंदराव आणि भिवा हे तीन मुलगे व मंजुळा आणि तुळसा या दोन मुली एवढीच मुले उरली होती. रामजींची बहीण मीराबाई हिने ती सांभाळली. पाठीला बाक आलेली ही आत्या नसती तर त्या घराचे काय झाले असते, सांगवत नाही. रामजींनी पुढे दुसरा विवाह केला; तो धाकट्या मुलाला रुचला नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. तो दिवस महाराष्ट्रात आज विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. त्या नोंदीमागे मुलाला शाळेपर्यंत आणणारा एक बाप उभा होता, एवढे त्या दिवशीच्या भाषणांत सांगितले गेले तर बरे.

दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे सरकारने तलावाचे काम काढले होते. तेथे रामजी खजिनदार होते. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना बोलावून घेतले. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून भिवा, त्याचा भाऊ आणि भाचरे मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणीच आले नव्हते, कारण त्यांचे पत्र नोकराने रामजींना दिलेलेच नव्हते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक जण राजी झाला. रात्रभर त्यांना पिण्यास पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी ती वडिलांच्या दारात पोहोचली, तेव्हा रामजी चकित झाले. हा प्रसंग बाबासाहेबांनी लिहून ठेवला, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्या बापाच्या मनात त्या दिवशी काय उमटले असेल, ते मात्र कोठेही लिहिलेले नाही. ज्याने गणवेशात सरकारची चाकरी केली, सरकारी तिजोरीचा हिशेब ज्याच्या हाती होता, त्याच्या मुलांना कोणी घोटभर पाणी दिले नव्हते.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्या खोलीत संसार, धूर, जाते आणि शेळीसुद्धा. निवृत्तिवेतन दरमहा पन्नास रुपये. दोघा मुलांचे शिक्षण त्यात भागेना, तेव्हा आनंदरावांचे शिक्षण थांबले आणि ते कामाला लागले. भिवाच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना या थांबलेल्या शिक्षणाचीही नोंद असावी.

भिवा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागला. खोलीत गजबज असल्याने रामजींनी एक क्रम ठरविला. मुलाला लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि तेव्हा स्वतः आडवे व्हायचे. इंग्रजीचा पाया पक्का व्हावा म्हणून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून ते त्याच्याकडून धडे करवून घेत. मुलगा नवे पुस्तक मागे आणि घरात पैसे नसत. अशा वेळी सुभेदार लेकीच्या घरी जात. धाकटीकडे दागिना नसला तर थोरलीकडे. तो गहाण ठेवून पुस्तक येई, आणि निवृत्तिवेतन हाती पडताच दागिना सोडवून परत जाई. त्या लेकींनीही कधी नाही म्हटले नाही.

रामजी कबीरपंथी होते. घरात मद्यमांसाला थारा नव्हता. पहाटे व सायंकाळी भजन होई, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेतले जाई. शिस्त कडक होती. भिवा परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर समाजाने सत्कार करण्याचे ठरविले, तेव्हा पोराच्या डोक्यात वारे शिरेल म्हणून रामजींनी प्रथम साफ नकार दिला. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकच्या निकालाशी जोडतात. बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे. रामजींचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांचे मन वळविले, सभा झाली, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवले.

ते वाचून मुलाने वडिलांना विचारले की, ज्या ग्रंथांत शूद्रांना हीन लेखले आहे ते आम्हाला वाचायला लावता, मग बुद्धाचे वाङ्मय का दाखविले नाही? रामजींना हा प्रश्न आवडला नाही. भलते प्रश्न विचारू नकोस, असे म्हणून त्यांनी मुलाला गप्प केले. काही दिवसांनी मुलाने पुन्हा तोच प्रश्न केला. या वेळी रामजींजवळ उत्तर तयार होते. आपण अस्पृश्य मानले गेलेले लोक, त्यामुळे मुलांच्या मनात न्यूनगंड बसू शकतो. द्रोण आणि कर्ण हे लहान स्थितीतून केवढ्या उंचीवर गेले, वाल्मीकी कोळी असून रामायणकर्ता झाला, हे कळल्याने तो गंड जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलाला त्यात तथ्य वाटले, समाधान मात्र झाले नाही.

या संवादातील शिक्षक मला फार थोर वाटतो. त्या काळचा बाप पहिल्या प्रश्नालाच थांबला असता. रामजी रागावले, पण मधल्या दिवसांत त्यांनी प्रश्नावर विचार केला आणि मुलाला बरोबरीच्या माणसासारखे कारण दिले. ते कारण न पटण्याची मोकळीकही मुलाला त्याच घरात मिळाली.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. बडोद्यातील जातीयतेची कल्पना असल्याने रामजींची त्याला संमती नव्हती. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार गेली. परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांची शुद्ध मावळत होती. मुलाला पाहून त्यांचा हात त्याच्या पाठीवरून फिरला आणि थोड्या वेळाने प्राण गेला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

दहा वर्षांनी, १९२३ मध्ये, लंडनहून प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध बाबासाहेबांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. १९५६ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिताना, बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगण्याकरिता, त्यांनी वडिलांशी झालेला तो संवाद तपशिलाने आठविला. त्यानंतर काही महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, आपल्या याच नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये निघाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नव्हती. त्यामुळे आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांनी तो ग्रंथ श्रद्धेने वाचला, पण सुभेदारांनी विचार करून दिलेले ते उत्तर त्यांच्या वाचनात कधी आलेच नाही.