कारखाना गेला, नाव उरले
दुसऱ्या महायुद्धात कर्कश भोंगा वाजवत लक्ष्यावर जवळजवळ सरळ झेपावणारे जर्मन बॉम्बफेकी विमान ‘स्टुका’, अर्थात ‘युंकर्स ८७’. मात्र ज्यांचे नाव त्याला लाभले, त्या ह्यूगो युंकर्स यांनी ते कधीच उडताना पाहिले नाही.

३ फेब्रुवारी १८५९ रोजी जन्मलेले युंकर्स आखेन येथे प्राध्यापक होते. डेसाऊमधील त्यांचा कारखाना पाणी तापवण्याची गॅसवरील उपकरणे बनवत असे. विमाने लाकूड आणि कापडाची असण्याच्या काळात, १९१५ मध्ये, त्यांनी संपूर्ण धातूचे विमान उडवून दाखवले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी विमाने बांधली. युद्धानंतर ‘एफ १३’ हे धातूचे प्रवासी विमान आणले.

१९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझींनी दडपण आणून त्यांची पेटंट आणि कंपनीची मालकी हिरावली, त्यांना नजरकैदेत ठेवले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, ७६ व्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सात महिन्यांनी, १७ सप्टेंबर रोजी, हेर्मान पोलमान यांनी आराखडा केलेले ‘युंकर्स ८७’ प्रथम आकाशात झेपावले. १९३९ मध्ये पोलंडवर याच विमानांतून बॉम्ब कोसळले. कारखाना, पेटंट, स्वातंत्र्य सारे गेलेल्या युंकर्स यांचे नाव तेवढे त्या विमानांवर कायम राहिले.