आबे फारिया : मनाचे सामर्थ्य मनातच शोधणारा गोमंतकीय

पणजीत मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्याशेजारी एका धर्मगुरूचा पुतळा उभा आहे. त्याचे दोन्ही हात पुढे पसरलेले आहेत आणि समोर एक स्त्री निद्राधीन होत आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेले हे शिल्प १९४५ साली उभारण्यात आले. पाहणाऱ्याला वाटते, त्या हातांतून काही अद्भुत शक्ती वाहत असावी. परंतु ज्याचा हा पुतळा, त्या आबे फारियाने आयुष्याच्या उत्तरार्धात नेमके याच समजुतीचे खंडन केले.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म १७५६ च्या मे महिन्यात बार्देशातील कांदोळी येथे झाला. वडील कायतान व्हितोरिनो हे मूळचे कोलवाळचे. त्यांच्या घराण्याची मुळे ख्रिस्ती झालेल्या एका सारस्वत कुळात होती. आईवडिलांचा संसार टिकला नाही. पुढे वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. मोडलेल्या घरातला हा मुलगा पंधराव्या वर्षी, १७७१ मध्ये, वडिलांसमवेत समुद्रमार्गे लिस्बनला पोहोचला. तेथून राजाश्रयाने तो रोमला गेला आणि धर्मशास्त्राचे अध्ययन पूर्ण करून १७८० मध्ये धर्मगुरू झाला.

त्यानंतरचा एक प्रसंग गोव्यात पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देण्याचा मान तरुण फारियाला लाभला. प्रवचनपीठावर चढताच दरबारातील थोरामोठ्यांचा तो मेळा पाहून त्याची वाचाच बसली. विद्वत्तेत उणीव नव्हती, पाठांतर पक्के होते. तरीही शब्द फुटेना. पीठाजवळ असलेल्या वडिलांनी तेव्हा हळूच कोकणीत सांगितले की, समोरची ही सारी मंडळी म्हणजे नुसती भाजी आहे, ती खुशाल कापत सुटावे. मुलाची भीती तत्क्षणी ओसरली आणि प्रवचन ओघवते झाले.

या आख्यायिकेचा गाभा विनोदापुरता नाही. वडिलांनी मुलाला रागे भरले नाही, घराण्याच्या अब्रूची आठवण दिली नाही, इतरांशी तुलनाही केली नाही. परक्या देशात, परक्या भाषेच्या दडपणाखाली गोठलेल्या मनाला त्यांनी मायबोलीतील एका वाक्याने मोकळे केले. समोरचे जग तेच राहिले. बदलली ती त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी. एका शब्दाने माणसाच्या मनोवृत्तीत एवढे परिवर्तन कसे घडते, या प्रश्नाचे बीज याच अनुभवात रुजले, असे अनेक चरित्रकार मानतात.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा उठाव उघडकीस आला आणि संशयाची छाया लिस्बनमधील गोमंतकीयांवरही पडली. पुढच्याच वर्षी फारिया पॅरिसला गेले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९५ साली त्यांनी प्रत्यक्ष एका तुकडीचे नेतृत्वही केले. १८११ मध्ये मार्सेय येथे ते तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. १८१३ मध्ये पॅरिसला परतल्यावर त्यांनी कृत्रिम निद्रेविषयी जाहीर व्याख्याने व प्रयोग सुरू केले.

त्या काळी मेस्मरच्या अनुयायांची अशी धारणा होती की, उपचारकाच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव रुग्णात शिरतो. फारियांनी ही कल्पना नाकारली. ते व्यक्तीला आरामखुर्चीत बसवत, डोळे मिटून निद्रेवर चित्त एकाग्र करण्यास सांगत आणि मग झोपण्याची आज्ञा देत. या अवस्थेचे कारण निद्रा देणाऱ्यात नसून निद्रा घेणाऱ्यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपचारक निमित्तमात्र, सामर्थ्य रुग्णाच्या मनाचेच.

सत्य सांगणाऱ्याच्या वाट्याला उपहास आला. १८१६ मध्ये त्यांची टवाळी करणारे प्रहसन पॅरिसच्या रंगभूमीवर आले आणि प्रेक्षकवर्ग पांगला. उपेक्षेतही त्यांनी ग्रंथलेखन सोडले नाही. जागृत निद्रेच्या कारणांवरील त्यांचा ग्रंथ १८१९ मध्ये सिद्ध झाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. अलेक्झांडर द्यूमाने आपल्या कादंबरीतील वृद्ध बंदिवानाला त्यांचे नाव देऊन ते जगभर पोहोचवले. तथापि त्यांच्या विचाराला खरा न्याय दिला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नान्सी येथील वैद्यांनी, सूचनेचे महत्त्व मान्य करून.

गोव्यातील मनोरुग्णालयालाही एके काळी फारियांचेच नाव होते. आज त्याची परंपरा बांबोळीची मनोविकार संस्था चालवते. परीक्षेच्या दालनात हात थरथरणारी, मुलाखतीपूर्वी रात्र जागून काढणारी, घर दुभंगल्यावर अबोल होणारी मुले आजही आपल्या अवतीभवती आहेत. प्रत्येकाची व्यथा एका वाक्याने शमत नाही. दुःख खोल असेल, दीर्घकाळ टिकत असेल, तर तज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. परंतु त्या वाटेची पहिली पायरी बहुधा घरातच असते. मुलाचे पाय लटपटू लागलेले ओळखून त्याच्या निकट उभे राहणारे कोणीतरी असावे लागते. फारियांना ते लाभले होते; आणि त्यांनी जगाला दिलेला विचारही तोच होता की, आधार बाहेरून मिळाला तरी उभे राहण्याचे बळ ज्याचे त्याच्याजवळ असते.