वेदनेचे मोल ओळखणारा शल्यचिकित्सक

आपल्या मंडळीतील मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या पायांविषयी विचारा. पाय मुळीच दुखत नाहीत, असे ते समाधानाने सांगतील. या समाधानातच धोका दडलेला असू शकतो, हे डॉ. पॉल ब्रँड यांच्या जीवनावरून आपल्या ध्यानात येईल.

तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी दांपत्याच्या पोटी १९१४ साली त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना इंग्लंडला पाठविण्यात आले. १९२९ मध्ये वडील डोंगरातच तापाने निवर्तले. पितापुत्रांची पुन्हा भेट झाली नाही. पॉल प्रथम गवंडीकाम व सुतारकाम शिकले, नंतर लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले.

कुष्ठरोगाने मांस सडते व बोटे झडतात, अशी त्या काळी समजूत होती. डॉ. ब्रँड यांनी शस्त्रक्रियेने रुग्णांचे वाकडे हात सरळ केले. परंतु त्याच हातापायांना नव्या जखमा होऊ लागल्या. बारकाईने पाहता कारण उमगले. मांस सडत नव्हते. रोगाने नसा बधिर झाल्यामुळे चटका, खिळा वा चपलेचा काच रुग्णाला जाणवत नव्हता. तळव्याला जखम असूनही तो न लंगडता चालत राही आणि जखम अधिक खोल जाई. ज्या वेदनेला आपण शाप समजतो ती परमेश्वराने दिलेली राखणदार आहे, असा विश्वास त्यांच्या मनात दृढ झाला. मग त्यांनी व सहकाऱ्यांनी मऊ रबराच्या चपला तयार करून घेतल्या आणि पायाला नेमके बसणारे प्लास्टर घालून जखमेवरील दाब कमी केला.

१९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहानेही पाय असेच बधिर होतात व जखमा चिघळून पाय कापावा लागतो, हे जाणून त्यांनी भारतातील अनुभव मधुमेही रुग्णांच्या सेवेस लावला. २००३ साली ते प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

वाचकहो, आपणास मधुमेह असेल तर हरपलेल्या वेदनेचे काम डोळ्यांनी व हातांनी करावयाचे आहे. दररोज पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाणी फार गरम नाही ना, हे दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तळवा आरशात न्याहाळावा. दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावा. लाली, फोड, चीर किंवा एखाद्या जागी उष्णता आढळल्यास, दुखत नसले तरी, त्या पायावर भार न देता त्वरित डॉक्टरांकडे जावे. घट्टे ब्लेडने कापू नयेत. जोडे झटकून, आत हात फिरवूनच घालावेत. अनवाणी चालू नये. मंदिराबाहेर पादत्राणे काढण्याची रीत असेल तेथे तापलेल्या फरशीचे विशेष भान ठेवावे. वर्षातून एकदा तरी पायांची संवेदना तपासून घ्यावी.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय आपल्या हातांनी धुतले. वृद्ध आईवडिलांचे पाय रोज हाती घेऊन पाहणे ही त्याच सेवेची वाट आहे. आज रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर आपण ती धराल काय?