साम्राज्याच्या शाळेतून निघालेला मितभाषी पंतप्रधान

३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशनचे सात सदस्य मुंबईत उतरले, तेव्हा शहरात हरताळ होता आणि त्यांच्या स्वागताला काळे झेंडे होते. भारताच्या भवितव्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या या आयोगात एकही भारतीय नव्हता, हे त्या संतापाचे कारण. आयोगाचे अध्यक्ष सर जॉन सायमन यांचे नाव घोषणांमुळे घरोघरी पोहोचले. त्यांच्यासोबत उतरलेल्या मजूर पक्षाच्या एका ठेंगण्या, टक्कल पडू लागलेल्या, पाइप ओढणाऱ्या खासदाराकडे मात्र कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. अठरा-एकोणीस वर्षांनी भारतावरील ब्रिटिश सत्तेचा शेवट ज्याच्या मंत्रिमंडळाने केला, तो हा माणूस, क्लेमंट रिचर्ड ॲटली.

ब्रिटनच्या राजकारणात शाळेला जेवढे महत्त्व आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या देशात असेल. ईटन आणि हॅरो या दोन शाळांनी पंतप्रधानांची रांगच पुरवली. चर्चिल हॅरोचे, आपले पंडित नेहरूही हॅरोचेच. ॲटली यांची शाळा या दोन्हींच्या मानाने कमी दिमाखाची, पण भारताशी तिचे नाते कितीतरी जवळचे. हर्टफर्डशायरमधील हेलीबरी येथे ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलकी अधिकाऱ्यांना तयार करण्यासाठी महाविद्यालय चालवले होते. १८०६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत अर्थशास्त्रज्ञ माल्थस शिकवीत असत. हिंदुस्थानात येऊन महसूल गोळा करणारे, न्यायनिवाडा करणारे कितीतरी गोरे अधिकारी तेथूनच बाहेर पडले. मुंबईचे गव्हर्नर असताना किल्ल्याची तटबंदी पाडून शहराला मोकळा श्वास देणारे सर बार्टल फ्रिअर हे त्यांपैकीच एक. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले, महाविद्यालय बंद झाले आणि त्याच इमारतींत १८६२ मध्ये हेलीबरी ही निवासी शाळा उघडली. इमारती त्याच, नाव तेच आणि साम्राज्याची सेवा हा संस्कारही बराचसा तोच.

३ जानेवारी १८८३ रोजी लंडनच्या पटनी भागात जन्मलेले क्लेमंट हे आठ भावंडांतील सातवे. वडील हेन्री ॲटली नामांकित सॉलिसिटर. घर सुखवस्तू, धार्मिक आणि शिस्तीचे. वडील ग्लॅडस्टनच्या उदारमतवादाचे पाईक, तर मुलगा शाळकरी वयात कडवा साम्राज्यवादी. १८९६ ते १९०१ या काळात क्लेमंट हेलीबरीत होते. अंगाने लहान, स्वभावाने कमालीचे लाजाळू, खेळात बेताचे. क्रिकेटचे वेड मात्र आयुष्यभर टिकले.

शाळेतला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. बोअर युद्धात १९०० साली लेडीस्मिथचा वेढा उठल्याची बातमी आली. देशभर जल्लोष सुरू असताना मुख्याध्यापक लिटल्टन यांनी सुट्टी द्यायला नकार दिला. मुलांनी आज्ञा मोडून गावातून मिरवणूक काढली. परतल्यावर अनेकांना छड्या बसल्या, त्यांत ॲटलीही होते. साम्राज्याच्या विजयासाठी छड्या खाल्लेल्या या मुलाने पुढे साम्राज्याचा सर्वांत मोठा भाग स्वतंत्र करण्याचा कायदा संमत करून घेतला. मधल्या काळात त्याच्या विचारांत झालेला बदलही, गंमत अशी, शाळेमुळेच झाला.

ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून इतिहासाची दुसऱ्या श्रेणीतील पदवी घेऊन ॲटली वकिलीकडे वळले. १९०६ मध्ये सनदही मिळाली, पण त्या व्यवसायात जीव रमत नव्हता. लंडनच्या पूर्व भागातील स्टेपनी ही गोदी कामगारांची अत्यंत दरिद्री वस्ती. तेथे हेलीबरीच्या माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने गरीब मुलांसाठी ‘हेलीबरी हाऊस’ हा क्लब चालत असे. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी ॲटली तेथे गेले ते शाळेविषयीच्या कर्तव्यबुद्धीने. पाहता पाहता ते तेथे नियमित जाऊ लागले आणि १९०७ मध्ये क्लबचे व्यवस्थापक होऊन वस्तीतच राहू लागले.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती येथे. गरिबी ही आळसाची किंवा व्यसनाची शिक्षा असते, असे त्यांच्या वर्गात सर्रास मानले जाई. रोज पहाटे गोदीच्या फाटकाशी कामासाठी ताटकळणारी माणसे आणि अनवाणी मुले पाहिल्यावर ही समजूत टिकणे शक्य नव्हते. दानधर्माने हा प्रश्न सुटणारा नाही, व्यवस्थाच बदलावी लागेल, अशी त्यांची खात्री झाली आणि १९०८ मध्ये ते इंडिपेंडंट लेबर पार्टीत दाखल झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून भाषण करणे या लाजाळू माणसाला किती जड गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे त्यांनी बिअट्रिस वेब यांच्या मोहिमेत काम केले, टॉयन्बी हॉलचे सचिवपद सांभाळले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापनही केले.

पहिल्या महायुद्धात ते स्वेच्छेने सैन्यात गेले. गॅलिपोलीच्या मोहिमेत सुव्ला उपसागरातून माघार घेताना अगदी शेवटच्या तुकडीसोबत निघालेल्यांत ते होते. १९१६ मध्ये मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना उपचारांसाठी प्रथम भारतात आणले गेले. त्याच सुमारास त्यांचा भाऊ टॉम, तोही हेलीबरीचाच, युद्धाला तात्त्विक विरोध केल्याबद्दल तुरुंगात गेला. दोघा भावांचे प्रेम मात्र शेवटपर्यंत अभंग राहिले.

युद्धानंतरची वाटचाल वेगाने झाली. १९१९ मध्ये स्टेपनीचे महापौर, १९२२ मध्ये लाइमहाऊसचे खासदार, त्याच वर्षी व्हायोलेट मिलर यांच्याशी विवाह. १९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाचा धुव्वा उडाला. मोठमोठे नेते पडले आणि ॲटली केवळ ५५१ मतांनी वाचले. उरलेल्या मूठभर खासदारांत अनुभवी माणसे थोडीच होती. १९३५ मध्ये जॉर्ज लान्सबरी यांनी राजीनामा दिल्यावर पक्षाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. हा तात्पुरता नेता ठरेल, असा अनेकांचा कयास होता. तो २० वर्षे टिकला.

भारताच्या बाबतीत ॲटली यांचा हिशेब सरळ नाही, आणि तो सरळ करून सांगण्यात अर्थही नाही. सायमन कमिशनसमोर ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस लाहोरला कमिशनविरोधी निदर्शनांत लाला लजपतराय यांच्यावर लाठ्या बरसल्या आणि नोव्हेंबरात त्यांचा मृत्यू झाला. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या, वसाहतीच्या स्वराज्याचे साधे आश्वासनही न देणाऱ्या अहवालावर ॲटली यांची सही आहे. मात्र या दौऱ्यांत त्यांनी देश पाहिला, प्रांतोप्रांतीचे कारभार समजून घेतले. पुढे १९३३-३४ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीत त्यांनी सरकारी मसुद्यापेक्षा पुढे जाणारा पर्यायी मसुदा मांडला. १९३८ मध्ये नेहरू इंग्लंडला गेले असता स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या घरी झालेल्या चर्चेतही ते होते.

दुसरीकडे, ऑगस्ट १९४२ मध्ये चर्चिल परदेश दौऱ्यावर असताना ज्या युद्धमंत्रिमंडळाने काँग्रेस नेत्यांच्या अटकेला संमती दिली, त्याचे अध्यक्षस्थान उपपंतप्रधान ॲटली यांच्याकडे होते. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत गांधीजींना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांनी तेथेच अखेरचा श्वास घेतला. ॲटली यांचे गुणगान करताना हे पान अनेकदा उलटले जाते.

२६ जुलै १९४५ रोजी लागलेल्या निकालात मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या. युद्ध जिंकून देणारे चर्चिल पडले होते. व्हायोलेट यांनी चालवलेल्या घरच्या लहानशा मोटारीतून नवे पंतप्रधान राजाच्या भेटीला गेले. पुढच्या काही वर्षांत बँक ऑफ इंग्लंड, कोळसा खाणी आणि रेल्वे सरकारी मालकीच्या झाल्या. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ही योजना अन्युरिन बेव्हन यांची, पण आपसात भांडणाऱ्या बलदंड सहकाऱ्यांना एका गाडीला जुंपून ठेवण्याचे काम ॲटली यांचे. बैठकीत ते कमी बोलत आणि इतरांचे बोलणे लांबले की विषय संपवत.

समाजवादी पंतप्रधानाचे शाळेवरचे प्रेम मात्र तसूभरही कमी झाले नव्हते. हेलीबरीचा माजी विद्यार्थी म्हटला की त्यांचा चेहरा खुलत असे. त्यांच्या सरकारात कनिष्ठ मंत्री झालेले ख्रिस्तोफर मेह्यू आणि जेफ्री डी फ्रेटास हे दोघेही हेलीबरीचे. श्रीमंतांच्या खासगी निवासी शाळांना त्यांच्या सरकारने हातही लावला नाही. खाणी आणि रेल्वे ताब्यात घेणाऱ्या सरकारने विषमतेचे हे उगमस्थान का सोडले, हा प्रश्न पक्षातच पुढे अनेक वर्षे विचारला गेला.

मुंबईत नौसैनिकांचा उठाव १८ फेब्रुवारी १९४६ रोजी सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये कॅबिनेट मिशनची घोषणा झाली. मिशनची योजना फसली. दंगलींनी देश होरपळत असताना २० फेब्रुवारी १९४७ रोजी ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याचे जाहीर केले आणि व्हॉइसरॉय म्हणून माउंटबॅटन यांची निवड केली. चर्चिल यांनी याला पळपुटेपणा ठरवले. माउंटबॅटन यांनी मुदत आणखी अलीकडे ओढून १५ ऑगस्ट १९४७ वर आणली, ॲटली यांनी तिला मान्यता दिली आणि १८ जुलै रोजी स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उमटली.

सीमा आखण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले गेले ते सर सिरिल रॅडक्लिफ हेही हेलीबरीचेच विद्यार्थी. ८ जुलैला ते भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिला नव्हता. पाच-सहा आठवड्यांत पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे पाडणारी रेषा तयार झाली, ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. आपण कोणत्या देशात आहोत हे लाखो माणसांना तोवर ठाऊक नव्हते. सव्वा कोटीच्या आसपास लोक बेघर झाले. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांच्या पुढे जातात. कंपनीचे अधिकारी जेथे घडले त्याच आवारात शिकलेल्या दोघांपैकी एकाने राज्य आवरते घेतले आणि दुसऱ्याने रेघ ओढली. ॲटली यांनी दिलेला शब्द पाळला, याबद्दल त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु फौज आणि पोलीस हाताशी असताना निर्वासितांच्या संरक्षणाची तजवीज न करता तारीख अलीकडे आणण्यास संमती दिली, ही जबाबदारीही त्यांचीच. घाई केली नसती तर यादवी युद्ध भडकले असते, असा बचाव त्यांच्या बाजूने केला जातो. पंजाबात जे घडले त्याला वेगळे नाव काय द्यायचे, हे तो बचाव सांगत नाही.

१९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला प्रतिस्पर्ध्यांपेक्षा अधिक मते मिळूनही जागा कमी पडल्या आणि चर्चिल परतले. डिसेंबर १९५५ मध्ये ॲटली यांनी नेतृत्व सोडले व अर्ल ही पदवी स्वीकारून ते उमरावांच्या सभागृहात गेले. ८ ऑक्टोबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे राहिलेली मालमत्ता भरली ७,२९५ पौंड. अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबेत ठेवण्यात आल्या. रॅडक्लिफ त्यांच्यानंतर दहा वर्षे जगले. सीमा आखणीची आपल्याजवळची कागदपत्रे त्यांनी नष्ट केली होती आणि भारतात ते पुन्हा कधीच आले नाहीत.